स्वस्त घराचे महाग हिशेब

टोकिओच्या पश्चिमेस तामा टेकड्यांवर वसविलेल्या नव्या नगरात पहिली कुटुंबे १९७१ साली राहावयास आली. राजधानीकडे लोटलेल्या नोकरदारांच्या निवाऱ्याचा प्रश्न अशा उपनगरांनी त्या काळी बऱ्याच अंशी सोडविला. त्या पिढीच्या पाचमजली, बहुधा लिफ्ट नसलेल्या इमारतींतील सदनिका आज नव्या घरांच्या मानाने फारच कमी किमतीस मिळतात. साहजिकच मध्यमवर्गीय तरुण कुटुंबांचे लक्ष तिकडे वळते. परंतु स्वस्त मिळालेले घर पुढे स्वस्त पडतेच असे नाही.

भूकंपप्रवण जपानात घराचे वय पाहताना १ जून १९८१ हा दिवस निर्णायक मानला जातो. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक करण्यात आले व या दिवसापासून ते अमलात आले. १९९५ साली कोबे हादरले तेव्हा जुन्या नियमांनुसार बांधलेल्या इमारतींचीच हानी अधिक झाली. म्हणून इमारत पुरी केव्हा झाली, यापेक्षा तिच्या आराखड्यास मंजुरी केव्हा मिळाली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

दुसरा प्रश्न पैशाचा. प्रत्येक मालकास दरमहा व्यवस्थापन खर्च व दुरुस्ती निधीचा हप्ता भरावा लागतो. कर्ज फिटले तरी त्यातून सुटका नाही. विक्री सुलभ व्हावी म्हणून अनेक ठिकाणी हा हप्ता आरंभी कमी ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्याची योजना आखली गेली. वाढीची वेळ आली तेव्हा मूळ मालक निवृत्तिवेतनावर जगू लागले होते. त्यांनी वाढीस विरोध केला तर त्यांना दोष देता येत नाही. पण निधी अपुरा राहतो आणि दुरुस्ती लांबते. शिवाय आधीच्या मालकाने थकविलेली रक्कम कायद्यानुसार नव्या मालकाकडूनही वसूल करता येते.

मग जुनी इमारत पाडून नवी का बांधू नये? तामा नगरातील सुवा वसाहतीने तसे केले. ६४० सदनिका पाडून २०१३ साली तेथे १,२४९ उभ्या राहिल्या. जादा घरांच्या विक्रीतून खर्चाचा मोठा भार हलका झाला. मात्र जेथे जादा घरांना गिऱ्हाईकच नाही, अशा दूरच्या उपनगरांत हे गणित जुळत नाही. संमतीचीही अडचण असतेच. पुनर्बांधणीस चार-पंचमांश बहुमत लागे. २०२५ च्या कायदादुरुस्तीने भूकंपास न टिकणाऱ्या इमारतींसारख्या प्रकरणी ही अट तीन-चतुर्थांशावर आणली, आणि ठावठिकाणा न लागणाऱ्या मालकांना न्यायालयाच्या निर्णयाने मोजणीतून वगळण्याची सोय केली. एप्रिल २०२६ पासून लागू असलेला हा बदल स्वागतार्ह खरा; पण कायदा मते मोजण्याची रीत बदलू शकतो, वृद्ध मालकाच्या खिशात पैसा घालू शकत नाही.

तात्पर्य, अशा घराचा ग्राहक शेजाऱ्यांच्या पूर्वीच्या चालढकलीचा आणि उद्याच्या निर्णयांचाही भागीदार होतो. त्याने खोल्यांचा रंग पाहण्याआधी मालक-संघाचे हिशेब व सभांचे इतिवृत्त पाहावे, हे उत्तम. आणि दुरुस्ती निधीची वाढ दर सभेत पुढे ढकलणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांनीही तामाच्या टेकड्यांकडे एकवार नजर टाकावी.