तळे गेले, बाग राहिली

रविवारच्या सायंकाळी सारसबागेच्या प्रवेशद्वारापाशी क्षणभर उभे राहिले, तर पुणे शहराचे जे दर्शन घडते ते कोणत्याही सभागृहात किंवा सरकारी अहवालात घडणार नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून निघालेला कारकून, त्याची पत्नी, काठी टेकीत चालणारी आई आणि हात सोडवून हिरवळीकडे धावणारी मुले असा सारा संसार त्या दारातून आत शिरताना दिसतो. गणपतीचे दर्शन होते, देवळाभोवतीच्या पाण्यातील कमळे पाहून होतात आणि मग आई हिरवळीवर सतरंजी पसरून घरून आणलेला डबा उघडते. बाहेर पडताना मुलांच्या हट्टापायी एखादी भेळ घेतली जाते, आणि त्या कुटुंबाची एक संध्याकाळ सुखाने सरते. या सुखाला फारसे पैसे पडत नाहीत, हेच त्याचे मोठेपण.

परंतु या बागेत एखादे चौकस मूल हमखास एक प्रश्न विचारते. ‘आजोबा, याला तळ्यातला गणपती म्हणतात, तर मग तळं कुठं आहे?’ आजोबा देवळाभोवतीच्या लहानशा कुंडाकडे बोट दाखवितात आणि वेळ मारून नेतात. त्या मुलाचा प्रश्न आजोबांनी टाळला तरी शहराने टाळू नये, असे आम्हांस वाटते.

तळे होते, आणि ते लहान नव्हते. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी ते बांधले. त्याच्या मध्यभागी सुमारे २५ हजार चौरस फुटांचे बेट राखले आणि त्यावर बाग केली. पुढे १७८४ च्या सुमारास, सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, तेथे गजाननाची स्थापना झाली. पूर्वी शहराच्या वस्तीतून वाहणारा ओढा पश्चिमेकडे वळवून मुठेस मिळविण्याच्या योजनेचाच हे तळे एक भाग होते. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी दगडी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत खेळविण्यात आले. म्हणजे ज्या जलाशयात पेशवे नौकाविहार करीत, तो केवळ विलासासाठी नव्हता. तळे ओढ्याला वेसण घालीत होते, आणि ते काम करता करता काठावरच्या माणसांना आनंदही देत होते.

काळाच्या ओघात तळे आटले, बुजले, आणि त्या जागी हिरवळ आली. शेजारी १९५३ साली पेशवे उद्यान झाले, १९५६ साली तेथे फुलराणी धावू लागली. आज नातवाचा हात धरून येणारे कित्येक आजोबा स्वतः त्या गाडीत बसलेले आहेत. प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला गेले. या बागांनी पुणेकरांच्या तीन पिढ्यांना जे दिले, त्याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. बाग करणाऱ्यांना दोष देणे हा आमचा हेतू नाही. मात्र शहराने बाग मिळविली तेव्हा तळे गमावले, आणि तो व्यवहार करताना तळ्याची किंमत कोणी मांडली नाही, एवढे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

ती किंमत किती असते, याची आठवण ओढ्याने स्वतःच करून दिली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबील ओढा काठ सोडून वाहिला. सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत पाणी घराघरांत शिरले, भिंती कोसळल्या, अनेकांचे प्राण गेले. जुने तळे असते तर हा अनर्थ सर्वस्वी टळला असता, असे आम्ही म्हणणार नाही. ते वस्तीच्या खालच्या अंगाला होते, आणि अडीचशे वर्षांत शहर ओळखू न येण्याइतके पालटले आहे. परंतु पाण्याला जागा न ठेवणाऱ्या नगरीत पाणी आपली जागा आपणच करून घेते, एवढा बोध त्या रात्रीतून घेतला नाही, तर आपल्यासारखे कर्मदरिद्री आपणच.

सुदैवाने शहराची सर्व तळी अजून गेलेली नाहीत. कात्रजचे तळे आहे. रामनदीवरचे पाषाणचे तळे आहे. सुटीच्या दिवशी तेथेही कुटुंबे जातात, मुले पक्षी पाहतात, वडीलधारी मंडळी वाऱ्यावर बसतात. या तळ्यांचे पुढे काय करायचे, हा आजचा खरा प्रश्न आहे. ‘सुशोभीकरण’ या गोंडस शब्दाखाली काठावर भराव टाकावा, त्यावर फरसबंदी करावी, वाहनतळासाठी आणखी थोडे पाणी मागे हटवावे, मध्ये कारंजे उभारावे आणि वरून येणारे सांडपाणी मात्र तसेच राहू द्यावे, ही आपल्याकडची सर्वपरिचित रीत आहे. अशा तळ्यावर जलपर्णी माजते, पाण्याला दुर्गंधी सुटते, माणसे पाठ फिरवितात, आणि मग ‘हे डबके हवे कशाला?’ असे म्हणणारे शहाणे पुढे सरसावतात. तळी एका रात्रीत मरत नाहीत. माणसांनी तिकडे जाणे सोडले की ती मरू लागतात.

म्हणून आमच्या मते तळ्याकाठची बाग ही चैन नसून तळ्याच्या रक्षणाची व्यवस्था आहे. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा उपहासाने वापरतो. येथे ती सरळ अर्थाने घ्यावी आणि थोडी उलटवूनही पाहावी. जो पाण्याचे सुख चाखतो, तोच तळे राखतो. ज्या आईने मुलाला पाणकावळा दाखविला, ती त्या काठावर रातोरात पडलेला राडारोडा मुकाट्याने पाहणार नाही. रोज फेरी घालणारा निवृत्त शिक्षक पाण्याचा रंग पालटलेला पहिल्यांदा ओळखील आणि तक्रारीचा अर्जही तोच लिहील. एवढे जागरूक आणि बिनपगारी पहारेकरी कोणत्याही पालिकेला नेमता येणार नाहीत.

मात्र हे पहारेकरी यावेत, तर त्यांना दार उघडे हवे. तळ्याच्या काठाला भारी तिकीट लावून, खेळण्यांचे ठेके देऊन आणि खाद्यपदार्थांची दुकाने मांडून तेथे जत्रा भरविता येईल. पण पाच माणसांचे मध्यम स्थितीतील कुटुंब महिन्यातून दुसऱ्यांदा तिकडे फिरकणार नाही. त्या कुटुंबाच्या गरजा फार नाहीत. सावलीची झाडे, बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ शौचालय, मुलांसाठी काठाला भक्कम कठडा आणि चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या वृद्धासाठी पायऱ्यांऐवजी उतार एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. नगरपित्यांनी याआधी एक काम करावे. भर पावसात पाणी जेथवर येते, तेथे तळ्याची हद्द कायमची आखावी आणि तिच्या आत एक टोपलीही माती पडू देऊ नये. सांडपाणी तळ्यात शिरण्यापूर्वी अडविले, तर निम्मे सुशोभीकरण आपोआपच होईल.

आणि नागरिकांनी? निर्माल्य भक्तिभावाने पाण्यात सोडायचे, पिशव्या हिरवळीवर टाकायच्या, माशांना पाव भरवून पाणी नासवायचे आणि घरी येऊन पालिकेला नावे ठेवायची, हा शिरस्ता सुशिक्षितांना शोभत नाही. शहर आपले आहे असे म्हणण्याचा हक्क डबा उघडण्यापुरता नसतो. तो डबा झाकून कचरा परत नेण्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

सारसबागेतील तळे परत आणता येणार नाही, आणि कोणी तसे मागतही नाही. पण तेथे विचारला जाणारा प्रश्न आणखी पन्नास वर्षांनी कात्रजच्या किंवा पाषाणच्या काठी कोणत्याही नातवाला विचारावा लागू नये. तळे कोठे आहे, हे त्याला सांगावे लागता कामा नये. ते त्याच्या समोर असले पाहिजे.