‘इंग्रजांनी गांजा बंद केला’: एका लाडक्या दंतकथेविरुद्ध

१/ समाजमाध्यमांवर एक दंतकथा पुनःपुन्हा डोके वर काढते. पूर्वी कोकणात घरोघरी गांजा पिके, माळ्यावर सुके. मग इंग्रज आले आणि त्यांनी बंदी घातली. या कथेत दोन चुका आहेत: एक हवामानाची, दुसरी महसुलाची. दोहोंच्या मुळाशी एक साधा प्रश्न न विचारण्याची सवय आहे. हा माल सुकवला कुठे, आणि ठेवला कुठे? #धागा

२/ आरंभ मालवणच्या पावसाळ्यापासून करणे इष्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरात कोसळतो. बरणीतले मीठ पाघळते, पापड मऊ पडतो, कपाटातल्या चपलेवर बुरशी चढते. म्हणूनच या किनाऱ्यावर आगोटीची बेगमी ही केवळ रीत नव्हे. ते चार महिन्यांच्या जगण्याचे शास्त्र आहे.

३/ त्या बेगमीत काय असते? खारवलेले बांगडे, सुकी सुंगटां, आमसुलांची सोलां, फणसाची साठां. यातले बहुतेक जिन्नस उन्हाखेरीज आणखी एका आधारावर टिकतात: बांगड्याला मीठ, सोलांना आंबटपणा, साठांना गोडी. ओलाव्याशी एकट्या उन्हाच्या बळावर लढणे सोपे नसते, हे मालवणच्या घराला पुरते ठाऊक आहे.

४/ गांजाला यातला एकही आधार चालत नाही. गांजा म्हणजे मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा. त्याचे सारे मोल त्या राळेत. मीठ वा आंबट लावले की माल वाया. ओला राहिला तर बुरशी धरतो, अति वाळला तर चुरा होतो आणि राळ झडते. म्हणजे कोरडी हवा आणि बंदिस्त साठवण, एवढाच मार्ग उरतो. पावसाळी कोकणात नेमक्या याच दोन गोष्टी दुर्मीळ.

५/ म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील गांजाचे प्रमुख क्षेत्र किनाऱ्यावर नव्हते. ते होते दख्खनच्या पठारावरील अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात. तेथे पाऊस कोकणाच्या एक-पंचमांशाच्या आसपास. पीक हिवाळ्यात कापणीला येई. कापलेले शेंडे उन्हात पसरत, पायांखाली तुडवत आणि दाबून चपटे करीत. स्वच्छ आकाश आणि कोरडा वारा हेच तेथील खरे भांडवल होते.

६/ सुकवणे ही निम्मीच लढाई. पीक वर्षातून एकदा येते, गिऱ्हाईक बारा महिने. मधला पावसाळा ज्याच्या गोदामात सुखरूप पार पडतो, व्यापार त्याचा. शिवाय हा माल काळाबरोबर उतरतो. केंब्रिजमध्ये वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ च्या सुमारास भारतीय भांगेच्या राळेतून ‘कॅनाबिनॉल’ वेगळे काढले. ते मुख्यतः जुन्या मालातील ऱ्हासाचे द्रव्य होते, हे पुढे कळले. टीएचसी हा खरा मादक घटक शुद्ध रूपात हाती आला तो १९६४ साली.

७/ आता महसुलाची चूक. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा गांजालाही लागू होता. त्याचे सूत्र बंदीचे नव्हते. परवाना, मक्ता आणि कर यांचे होते. पुढे ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला आणि १८९३ साली भारत सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सदस्य सात, साक्षीदार ११९३, अहवालाची पाने तीन हजारांहून अधिक.

८/ या आयोगाची प्रश्नावली दंतकथाकारांनी एकदा तरी वाचावी. गांजाने वेड लागते काय, गुन्हे वाढतात काय, हे प्रश्न तिच्यात आहेतच. पण आणखीही एक विचारणा आहे: साठवणुकीने माल बिघडतो काय, किती काळ टिकतो, कशाने बिघडतो? साम्राज्याला गोदामातल्या ओलाव्याची चिंता का पडावी? कारण बिघडलेल्या मालावर कर वसूल होत नाही.

९/ आयोगाचा निष्कर्ष सुप्रसिद्ध आहे: मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम नगण्य, संपूर्ण बंदी अनावश्यक. त्या वाक्यावर टाळ्या वाजवणारे पुढच्या शिफारशींपाशी थांबत नाहीत. परवान्याविना लागवडीस मनाई, लागवडीचे केंद्रीकरण, पुरेसा कर, दुकानांच्या संख्येवर आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा. हे उदारमत नव्हे. ही कुलपाची व्यवस्था आहे.

१०/ येथे एक रास्त आक्षेप येतो. बंगालही दमटच, मग राजशाहीतल्या नौगावचा गांजा देशभर प्रसिद्ध कसा झाला? उत्तर त्याच व्यवस्थेत आहे. तेथे लागवड ठरावीक टापूत, परवान्याने. माल सरकारी देखरेखीखालच्या गोल्यांत, म्हणजे कोठारांत. १९१७ साली तेथे गांजा उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. म्हणजे दमटपणा हा अटळ शाप नव्हता. त्यावर मात करायला कोठार लागे, आणि कोठार म्हटले की सरकार आले.

११/ मालवणच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ओलाव्याने पाघळणारा आणखी एक पदार्थ सरकारने असाच कुलपात ठेवला होता: मीठ. मे १९३० मध्ये आजच्या सिंधुदुर्गातील शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो या कुलपाविरुद्ध. मिठावर बंदी होती असे कोणी म्हणत नाही. मिठावर कर होता हे शाळकरी मूलही सांगते. मग गांजाच्या बाबतीत ‘कर’ हा शब्द गळून ‘बंदी’ कशी उरते?

१२/ बंदी आली, पण स्वातंत्र्यानंतर. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. दारूबरोबर गांजाही त्या कायद्याच्या कक्षेत आला. मग राज्यघटनेचे कलम ४७, १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थविषयक करार आणि अखेरीस १९८५ चा एनडीपीएस कायदा. या वाटेवरचे देशांतर्गत कायदे भारतीय लोकप्रतिनिधींनी केले. ते चूक की बरोबर, हा स्वतंत्र वाद. त्यांचे कर्तृत्व मात्र इंग्रजांच्या नावे लिहिता येत नाही.

१३/ उलट बाजूची दंतकथाही तितकीच पोकळ: गांजा म्हणजे गोव्यात उतरलेल्या हिप्पींनी आणलेली परदेशी पीडा. हिप्पी अवतरण्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधी नगरच्या शेतात तो पिकत होता आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद होत होती. एका कथेला निष्पाप भूतकाळ हवा आहे, दुसरीला परका अपराधी. दोघींनाही कागद नको आहे.

१४/ हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कठोर सूचीतून वगळण्याच्या बाजूने भारताने मत दिले. देशात मात्र फुलोरा जवळ बाळगणे आजही गुन्हा आहे. उद्या कायदा बदलायचा की राखायचा, हे आजचे तरुण ठरवतील. ‘इंग्रजांनी केले’ या सबबीवर कायदा बदलला तर पहिल्याच उलटतपासणीत ती बाजू कोसळेल. आणि तो बदललाच, तर खरा प्रश्न १८९४ चाच असेल: कोठाराची किल्ली कोणाकडे? शेतकऱ्याकडे, मक्तेदाराकडे की सरकारकडे?

१५/ पदार्थाचा इतिहास केवळ त्याच्या नशेत नसतो. तो त्याच्या वाळवणात, गोदामात आणि पावतीपुस्तकातही असतो. मालवणची आजी आगोटीपूर्वी डबा उघडून बांगड्याला वास तर येत नाही ना, हे तपासते. इतिहासाच्या नावाने हाती आलेल्या प्रत्येक गोष्टीला तेवढीच कसोटी लावावी. दमट हवेत दंतकथाही लवकर बुरसटतात. (समाप्त)