अडीच लाखांचा नंबर उलटा वाचला तर?

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रात पसंतीच्या वाहन नंबरांची फी वाढली. चारचाकीला ०००९, ००९९, ०९९९ किंवा ९९९९ हवा असेल, तर दीडऐवजी अडीच लाख रुपये. एवढं काय आहे या नंबरांत? दिसतात छान! ९९९९ तर ‘रामाला भाला मारा’सारखा दोन्हीकडून सारखाच वाचता येतो. अशा संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात.

पण मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे पहिला प्रश्न पडतो: कुठल्या बेसमध्ये? आपण दहाच्या बेसमध्ये लिहितो, कॉम्प्युटर दोनच्या, म्हणजे बायनरीत.

९ = १००१
९९ = ११०००११
९९९ = १११११००१११
९९९९ = १००१११००००११११

पहिले दोन टिकले, शेवटचे दोन नापास. फी मात्र चौघांची सारखीच!

आता आपल्या जिल्ह्यांचे कोड घ्या. गडचिरोलीचा ३३ बायनरीत १००००१, म्हणजे दोन्हीकडे पास. चंद्रपूरचा ३४ दहाच्या आणि दोनच्या बेसमध्ये नापास, पण सोळाच्या बेसमध्ये तो २२ होतो. ३३ ला ३ ने भाग जातो, हे कुठल्याही बेसमध्ये खरंच राहतं. पॅलिंड्रोम असणं मात्र संख्येचा गुण नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

कोड सोपा आहे. ‘उलट’ शून्यावर ठेवा. संख्येला बेसने भागा, ‘उलट’ला बेसने गुणून त्यात बाकी मिळवा, आणि भागाकार शून्य होईपर्यंत हेच करत राहा. ३४ आणि बेस १६ घेतला, तर बाकी दोनदा २ येते. ‘उलट’ आधी २ होतो, मग २ × १६ + २ = ३४. मूळ संख्या परत आली, म्हणजे पॅलिंड्रोम.

एआयला विचारलं तर बरेचदा एका ओळीचं उत्तर मिळतं: संख्येचा मजकूर करा, उलटा करा, जुळवून बघा. त्यात फक्त दहाचा बेस तपासला जातो. शिवाय ००९९ संख्या म्हणून ९९ आहे, म्हणजे पास. पाटीवरचा मजकूर म्हणून उलटा ९९००, म्हणजे नापास.

हा नुसता खेळ नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत बँक खात्याचा नंबर ‘संख्या’ म्हणून भरला, की एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकतं आणि पैसे अडकू शकतात. म्हणून कोड कॉपी करण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही संख्या आहे की मजकूर? आणि बेस कुठला?