आमच्या मुलांची बोली व शाळेतील लाज

जून महिना आला की धुळे, साक्री, शिंदखेडा व शिरपूर तालुक्यांतील खेडोपाडी सहा वर्षांची मुले नवे दप्तर घेऊन शाळेत दाखल होतात. घरी ही मुले दिवसभर बडबडतात, आजीशी भांडतात, वाटसरूला गावाची वाट सांगतात. तीच मुले शाळेच्या खोलीत चार दिवसांत मुकी होतात. मास्तर म्हणतात, पोर बुजरे आहे. बाप म्हणतो, डोके चालत नसेल. वस्तुतः पुष्कळ वेळा मूल बुजरेही नसते व मंदही नसते. त्याचे तोंड बंद करण्यात आलेले असते. हे कसे घडते, ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी नीट समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

घरी मूल अहिराणी बोलते. वर्गात ते सरळ सांगते, 'मनी पाटी घर राही गयी.' शेजारची मुले हसतात, आणि शिकविणाराही कधी हसतो, कधी 'शुद्ध बोल' म्हणून दटावतो. पाटी विसरल्याची लाज त्या मुलास वाटत नाही. आईपासून शिकलेले बोलणे चारचौघांत हसण्यावारी गेले, ही लाज त्याच्या मनात घर करते. मग उत्तर येत असले तरी ते हात वर करीत नाही, न कळलेले विचारीत नाही, कोणी मारले तरी मुकाट्याने सोसते. मैत्री बोलण्याने जुळते व भांडण बोलण्याने मिटते; ज्याचे बोलणेच अडले, त्यास दोन्ही साधत नाहीत. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली असे मांडले की, ह्या शाळकरी वयात आपल्या हातून काही होते की नाही, याचा निवाडा मूल स्वतःविषयी करीत असते. आमच्या मुलांच्या बाबतीत हा निवाडा पहिल्याच वर्षी त्यांच्या विरुद्ध लागतो. पुढे याहून वाईट फळ येते. आई शाळेत आली की मूल तिच्याशी बोलणे टाळते. ज्या शिक्षणाने मुलास आईची लाज वाटू लागते, त्यास आम्ही शिक्षण कसे म्हणावे?

हा हसण्याचा प्रकार जुनाच आहे. जोतीराव फुले यांनी कुणब्या-माळ्यांस कळेल अशा भाषेत लिहिले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टर उडविली. मुद्द्याचे उत्तर न देता बोलण्याच्या रीतीस हसले की, बोलणाराच खजील होतो. आता आपल्याच खानदेशचे उदाहरण पाहा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. आपल्या घरच्या बोलीत त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या कविता पाठ करून घ्यावयाच्या, आणि त्यांच्यासारखे बोलणाऱ्या पोरास गावंढळ म्हणावयाचे, हा कोठला न्याय? २०११ च्या शिरगणतीत १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खानदेशी ह्या सदरात मोजली गेली. एवढ्या लोकांचे बोलणे 'अशुद्ध' कसे ठरते, हे एकदा शुद्धवाल्यांनी सांगावे.

कोणी म्हणेल, तर मग मुलांनी पुस्तकी मराठी शिकूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. कचेरीत, दवाखान्यात, कोर्टात व परीक्षेत ती लागते. ती न आल्यास आमचाच मनुष्य फसतो. ती अवश्य शिकावी व चांगली शिकावी. परंतु विहिरीत उतरणारा पहिल्या पायरीवर पाय टेकूनच दुसरी गाठतो. घरची बोली ही ती पहिली पायरी होय. युनेस्कोनेही १९५३ साली हेच सांगितले की, मुलास शिकविण्याचे उत्तम साधन त्याची मातृभाषा आहे.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, शक्य तेथवर मुलास मातृभाषेतून शिकवावे, त्यास भयमुक्त ठेवावे व मोकळेपणी मत मांडण्यास साहाय्य करावे. कलम १७ ने मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंस बंदी केली आहे. परंतु कायदा आपल्या पायांनी वर्गात चालत येत नाही. त्यास कोणी तरी आणावे लागते.

आमच्या शिक्षकबंधूंनी एवढे करावे. मुलाचे उत्तर त्याच्या बोलीत घ्यावे, बरोबर असल्यास शाबासकी द्यावी, आणि मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत सहज म्हणून दाखवावे. ज्यांस अहिराणी, पावरी वा भिली येत नाही, त्यांनी ती मुलांकडूनच शिकावी. मास्तरांस शब्द शिकविणारे मूल त्या दिवशी वीतभर उंच होते. आईबापांनी रात्री जेवताना 'किती मार्क पडले' एवढेच विचारू नये. आज कोणाशी खेळलास, कोण हसले, काय बोलावेसे वाटले पण बोलला नाहीस, हेही विचारावे, आणि ते आपल्या बोलीतच विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या बैठकीत सही करून उठण्यापेक्षा आपल्या बहिणींनी एकच प्रश्न घालावा: आमची किती मुले वर्गात बोलतात? हा प्रश्न त्यांनी बेधडक अहिराणीतच विचारावा. आईचे बोलणे सभेत मान खाली न घालता ऐकले जाते, हे मुलाने एकदा पाहिले, म्हणजे वर्गात बोलण्यास त्यास धीर येईल.