कर्जाचा कागद आणि बोलण्याची जागा

वृत्तवाहिनी ताब्यात घ्यायला तिच्या दारात जावे लागतेच असे नाही; तिच्या कर्जाचा कागद हाती आला तरी पुरते. एनडीटीव्हीचे उदाहरण पाहा. प्रणय आणि राधिका रॉय यांच्या आरआरपीआर होल्डिंगने २००९-१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून ४०३ कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतले. तेही बिनव्याजी! आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याच्या भुवया इथेच वर जातात. बिनव्याजी कर्जाचे व्याज कागदात कुठेतरी दडलेले असते. इथे ते वॉरंटच्या रूपात होते. सावकाराने मनात आणले की आरआरपीआरची जवळजवळ सगळी मालकी त्याची, आणि आरआरपीआरकडे वाहिनीचे २९ टक्के समभाग! ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली आणि तो हक्क बजावला. आम्हाला विचारलेही नाही, असे वाहिनीने जाहीर केले. डिसेंबरअखेर रॉय दांपत्याने स्वतःचेही बहुतेक समभाग विकले. त्याआधी २०१४ मध्ये नेटवर्क-१८ समूह रिलायन्सकडे गेला. तिथेही वाट कर्जरोख्यांचीच होती, आणि आपल्या घराघरांतली आयबीएन-लोकमत त्याच समूहाच्या भागीदारीतली.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस रवीश कुमार एनडीटीव्ही सोडून यूट्यूबवर गेले. चला, इंटरनेट तरी मोकळे आहे, असे आपल्याला वाटले. पण यूट्यूब २००६ पासून गूगलचे आहे. म्हणजे घर बदलले, भाडेकरूपण तेच राहिले.

आणि भाडेकरूला गप्प करायचे तर घरमालकाला दटावणे सोपे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, तेव्हा देशभर ओरड झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६६-अ कलमच रद्द केले. २०२३ चा नियम अधिक चतुर होता. सरकारी कारभाराविषयीचा मजकूर सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने खोटा ठरवला, तर तो ठेवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात. लिहिणाऱ्याला हात लावायची गरजच नाही! कोणती कंपनी तुमच्या-आमच्या चार ओळींसाठी कोर्टकचेऱ्या करील? सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला, हे बरे झाले. मात्र कलम ६९-अ खाली मजकूर अडवण्याचे आदेश गोपनीयच राहतात.

मालकीची गोष्ट मात्र कोर्टात सुटणारी नाही. राजकीय पक्षांना प्रसारणात मज्जाव असावा, उद्योगसमूहांवर निर्बंधांचा विचार व्हावा, अशा शिफारशी ट्रायने ऑगस्ट २०१४ मध्येच केल्या होत्या. त्यांचा कायदा करण्याची निकड त्यानंतरच्या कोणत्याच संसदेला वाटली नाही.