ठासणीची बंदूक आणि सेवाग्रामचा जिल्हा

ठासणीची बंदूक म्हटली की वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला पिकात घुसलेली रानडुकरे व रोही आठवतात, पोलिसांना परवाना आठवतो आणि वनखात्याला चोरटी शिकार. त्याच जातीच्या बंदुकीने अनेक देशांचे नेमबाज जागतिक अजिंक्यपदासाठी झुंजतात, ही वार्ता मात्र आपल्याकडे क्वचितच पोहोचते. १९७१ सालापासून या खेळाची आंतरराष्ट्रीय समिती कार्यरत आहे. ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि त्यांपैकी सर्वोत्तम १० हिशेबात धरायचे, असा तिचा दंडक. प्रत्येक बाराला दारू मोजून नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, मग नेम धरायचा. येथे घाईला वाव नाही. कसोटी लागते ती हाताच्या स्थैर्याची आणि मनाच्या संयमाची.

या सामन्यांत जपानी तोड्याच्या बंदुकीसाठी स्वतंत्र प्रकार असून, १५४३ साली पोर्तुगीजांनी जेथे प्रथम बंदूक नेली त्या तानेगाशिमा बेटाचे नाव त्याला दिलेले आहे. तोड्याची बंदूक आपल्यालाही परकी नाही. १५२६ साली पानिपतावर बाबराच्या सैन्यात ती होती. पुढे मराठ्यांच्या फौजांतही ती आली. जपानने आपला वारसा क्रीडांगणावर जिवंत ठेवला. आपण तो वाड्यांच्या भिंतींवर आणि संग्रहालयांच्या काचेआड ठेवून दिला.

उद्या वर्ध्याच्या एखाद्या तरुणाने अशा सामन्यासाठी परदेशी जायचे ठरविले, तर त्याच्या वाटेत काय काय उभे राहील? १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटतात ती केवळ दुरुस्त करूनही न चालणारी जुनी शस्त्रे. चालत्या बंदुकीला परवाना हवाच. बंदूक ऐतिहासिक मोलाची आणि शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेषविषयक १९७२ चा कायदा आडवा येतो. अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे, खाजगी व्यक्तीला नाही. बंदुकीची दारू तर प्रवासी विमानातून नेताच येत नाही. यांतील कोणताही निर्बंध अकारण नाही. वारसा परदेशी विकला जाऊ नये आणि शस्त्र भलत्या हाती पडू नये, हे योग्यच होय. परंतु चोराची वाट अडविण्यासाठी घातलेले कुंपण खेळाडूचीही वाट अडवीत असेल, तर त्याला एक फाटक ठेवणे हे शासनाचे काम आहे.

असे फाटक ठेवता येते, याला दाखला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नेमबाज खेळाडूंसाठी मात्र सरकारने वेगळी तरतूद केली. २०१० साली म्यूनिकला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरकडची माणसे. अशा खेळाडूंच्या यशाने या सवलतीचे औचित्य सिद्ध केले आहे. तोच न्याय जुन्या बंदुकीच्या खेळाला लावण्यास प्रत्यवाय कोणता?

सेवाग्रामच्या जिल्ह्यातून बंदुकीची तरफदारी व्हावी, हे कित्येकांना रुचणार नाही. त्यांनी एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र केले, याची गणना ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत खुद्द गांधीजींनी १९१८ साली केली होती. त्यांची अहिंसा दुबळ्याची नव्हती. अर्थात याचा आधार घेऊन घरोघर बंदुका वाटा, असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारातील आगीने ज्यांचे बळी घेतले त्यांची आठवण असलेल्या या जिल्ह्याला दारूशी खेळ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. म्हणूनच आमची मागणी मर्यादित आहे.

या सामन्यांत मूळ बंदुका आणि प्रतिकृती असे दोन वेगळे वर्ग असतात. तेव्हा अस्सल वारसा देशातच राहू द्यावा आणि खेळाडूने प्रतिकृती घेऊन जावे. तिचा परवाना खेळाडू म्हणून, संघटनेच्या शिफारशीने आणि ठराविक मुदतीत मिळावा. दारू यजमान देशात नियमानुसार घेता यावी. सरावासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी देखरेखीखालील एक मैदान असावे, जेणेकरून वर्ध्याच्या मुलाला पुण्याच्या बालेवाडीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर जावे लागू नये. नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेने याची योजना आखावी आणि राज्याच्या क्रीडाखात्याने तिला साहाय्य करावे.

कागदी लक्ष्यावर झाडलेली गोळी कोणाचा जीव घेत नाही. ती झाडणाऱ्याला शिस्त मात्र शिकविते. ठासणीच्या बंदुकीचे नाव आज आपण चोरट्या शिकारीच्या बातमीत वाचतो. ते क्रीडावृत्ताच्या पानावर वाचायचे असेल, तर आरंभ कायद्याच्या त्या फाटकापासूनच करावा लागेल.