फाइली आल्या, पण हाताची सवय?



विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या निमित्ताने पुष्कळ घरांतला जुना कॉम्प्युटर गेला आणि नवा आला, काही घरांत अजून यायचा आहे. आणि जिथे तो आला तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आई, तुझं सगळं आलंय बघ." मुलगा म्हणतो, जावई म्हणतात, दुकानातून जोडायला आलेला पोरगाही म्हणतो. त्यांच्या दृष्टीने ते खोटं नसतं. फोटो आलेले असतात, पत्रं आलेली असतात, हिशोबाच्या शीट आलेल्या असतात.

माझं म्हणणं असं आहे की सगळं आलेलं नसतं. जे राहून जातं ते बहुतेक वेळा घरातल्या बाईचं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही.

काय राहतं ते सांगते. वर्डमध्ये आपण काही छोटे शब्द ठरवून ठेवलेले असतात. दोन अक्षरं टाइप करून स्पेस दिली की मंदिराचं 'श्री १००८' पासून सुरू होणारं पूर्ण नाव पत्त्यासकट उमटतं. याला ऑटोकरेक्ट म्हणतात. इंग्रजीत पत्र लिहिताना चौगुले, मगदूम, उपाध्ये या आडनावांखाली किंवा पर्युषण, क्षमावणी या शब्दांखाली लाल रेघ येते. ती येऊ नये म्हणून एकेक शब्द आपण कॉम्प्युटरला शिकवलेला असतो, आणि ती आपली स्वतःची शब्दांची यादी होते. एक्सेलमध्ये चैत्र लिहून कोपरा ओढला की फाल्गुनापर्यंत बारा महिने खाली उतरतात, किंवा किराणा लिहून ओढलं की दूध, भाजी, वीज, औषधं, देणगी अशी खर्चाची सगळी खाती ओळीने येतात. वरच्या पट्टीत आपल्याला लागणारी चार बटणं हाताशी आणून ठेवलेली असतात. कुणी महिन्याची बेरीज एका कळीवर होईल असा मॅक्रो करून घेतलेला असतो.

यातलं काहीही 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतं. ते विंडोजच्या एका लपवलेल्या फोल्डरात असतं. त्यामुळे माहीतगार माणूसही प्रामाणिकपणे सगळ्या फाइली उचलतो, आणि हे तिथेच राहतं.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगते. ताळेबंदात टेबल-खुर्च्या दिसतात, यंत्रं दिसतात. पण दुकान विकायला काढलं की कळतं, खरी किंमत गुडविलचीही असते. वर्षानुवर्षांच्या सवयीने, ओळखीने, विश्वासाने जे जमलेलं असतं ते. आपल्या कॉम्प्युटरमधल्या या सेटिंग्ज म्हणजे आपलं गुडविल. आणि वर्ष बदलताना आपण काय करतो? अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या वहीत ओढतो. कोरी वही आणली म्हणून शून्यापासून सुरुवात करत नाही. मग कॉम्प्युटर बदलला की फक्त आपलीच शिल्लक मागे का राहावी?

"एवढंच ना? पुन्हा करून घे की," असं उत्तर मिळतं. तरुणांना ते सोपं वाटतं, आणि त्यांच्यासाठी सोपं असेलही. पण आपण हे एका बैठकीत केलेलं नसतं. आज एक शब्द, महिन्याने दुसरा, असं आठ-दहा वर्षांत साठलेलं असतं. काय काय होतं याची आठवणही नसते. बोटं सवयीने दोन अक्षरं टाइप करतात, आणि पडद्यावर ती दोन अक्षरंच राहतात. आपल्या हातून काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. चुकलेलं काही नसतं, नव्या यंत्राला आपण शिकवलेलं माहीत नसतं एवढंच.

मला खरी काळजी याच्या पुढची आहे. माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्यांनी मंडळाचे आणि पाठशाळेचे हिशोब वर्षानुवर्षं चोख ठेवले. नवा कॉम्प्युटर आला, ओळखीचं काही जागेवर सापडेना, प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारायची वेळ आली. दोन-तीनदा हाक मारली, समोरच्याच्या कपाळाला आठी दिसली, आणि मग "आता तूच बघत जा रे बाबा" म्हणून त्या उठल्या त्या उठल्याच. हिशोब मुलाकडे गेला. मुलगा चांगला आहे, हिशोबही ठीक होतो. पण एका बाईच्या हातातलं काम गेलं, आणि ते वयामुळे किंवा बुद्धीमुळे गेलं नाही. पेनड्राइव्हवर मावणारे चार फोल्डर कुणी उचलले नाहीत म्हणून गेलं. मला हे मान्य नाही.

म्हणून जुना कॉम्प्युटर घराबाहेर जाण्याआधी, किंवा कुणी त्याला फॉरमॅट मारण्याआधी, एक दुपार मागून घ्या. जवळ मुलाला, सुनेला, नातवाला बसवा, पण माउस आपल्या हातात ठेवा.

वर्ड, एक्सेल, आउटलुक, सगळं बंद करा. विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा. जी छोटी चौकट येते तिच्यात ॲपडेटा हा शब्द इंग्रजी अक्षरांत, जोडून, पुढे-मागे टक्क्याचं चिन्ह लावून लिहा आणि एंटर दाबा. लपवलेला फोल्डर उघडतो. त्यात 'मायक्रोसॉफ्ट' नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत 'यूप्रूफ'मध्ये शिकवलेल्या शब्दांची यादी असते. 'ऑफिस'मध्ये ऑटोकरेक्टच्या फाइली असतात, प्रत्येक भाषेची वेगळी. फाइलीच्या नावात भाषेचा आकडा असतो, अमेरिकन इंग्रजीचा १०३३, मराठीचा ११०२. म्हणून एकच फाइल न उचलता सगळ्या उचला. 'टेम्प्लेट्स'मध्ये 'नॉर्मल' नावाची फाइल असते. नवं पान कोणत्या फॉन्टमध्ये, किती समास सोडून उघडायचं ते तीच ठरवते, आणि ठळक अक्षरं किंवा तक्ता असलेल्या ऑटोकरेक्टच्या नोंदीही तिच्यातच असतात. 'एक्सेल'च्या आत 'एक्सेल-स्टार्ट' फोल्डरात 'पर्सनल' नावाची फाइल असली, तर आपले मॅक्रो तिच्यात आहेत. आउटलुकमधून मेल करत असाल तर 'सिग्नेचर्स'ही घ्या. हे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. फक्त कॉपी. कट करू नका.

वरच्या पट्टीतल्या बटणांसाठी वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग कस्टमाइझ रिबन असं जा. तिथे खाली इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आहे. एक्स्पोर्ट केलं की एक फाइल तयार होते, तीही पेनड्राइव्हवर ठेवा. एक्सेलची वेगळी करावी लागते.

चैत्र-वैशाखच्या याद्या मात्र या फोल्डरांत सापडणार नाहीत. त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, आणि तिथे आपण हात घालू नये. त्यापेक्षा एका कोऱ्या शीटवर यादीचा पहिला शब्द लिहा आणि ओढा, पूर्ण यादी शीटवर उतरते. ती शीट सेव्ह करा. नव्या कॉम्प्युटरवर ती उघडून यादी निवडा आणि फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, अगदी खाली एडिट कस्टम लिस्ट्स इथे जाऊन इम्पोर्ट दाबा.

नव्या यंत्रावर वर्ड आणि एक्सेल एकदा उघडून बंद करा, म्हणजे तिथले फोल्डर तयार होतील. मग जुन्या फाइली आपापल्या जागी ठेवा. तिथली नवी 'नॉर्मल' फाइल पुसू नका, तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. बटणांची फाइल इम्पोर्ट केली की त्या प्रोग्रॅममधली नव्याने केलेली मांडणी पुसली जाते, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करावं. वर्ड आणि एक्सेल नेहमीसारखे उघडतात ना हे बघूनच उठावं.

ज्यांच्याकडे लिबरऑफिस आहे त्यांचं काम हलकं. त्याच ॲपडेटामध्ये 'लिबरऑफिस', त्यात '४' आणि त्यात 'युजर' असा फोल्डर असतो. शब्द, ऑटोकरेक्ट, टेम्प्लेट, सगळं त्या एकाच फोल्डरात. तो उचलला की झालं.

आपल्या मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पूर्वी आपण ज्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, श्रीलिपी म्हणा, कृतिदेव म्हणा, ते युनिकोड नव्हते. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसेल तर वीस वर्षांपूर्वीची पत्रिका उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. घाबरून ती पुसून टाकू नका. जुना फॉन्टही सोबत न्या, आणि जमेल तसं महत्त्वाचं लिखाण युनिकोडमध्ये करून घ्या. मराठी कीबोर्डही नव्या यंत्रावर पुन्हा निवडावा लागतो. इनस्क्रिप्टची सवय असेल तर इनस्क्रिप्टच घ्या, कुणी "फोनेटिक सोपं पडतं" म्हटलं तरी.

आता दुसरी बाजू. सगळंच ओढून न्यावं असंही मी म्हणत नाही. बंद झालेल्या बचत गटाचं पूर्ण नाव उमटवणारी दोन अक्षरं, पूर्वीच्या घराचा पत्ता, कधीतरी चुकून शिकवलेला चुकीच्या स्पेलिंगचा शब्द, हे कशाला न्यायचं? शिकवलेल्या शब्दांची यादी साध्या नोटपॅडमध्येही उघडते. एकदा वाचून काढा आणि नको ते गाळा. दिवाळीआधी माळा उतरवून बघतो तसंच हे. आपल्या घरांत अपरिग्रह लहानपणापासून कानांवर पडतो, पण अपरिग्रहाचा अर्थ नजर न टाकता सगळंच फेकून देणं असा नाही. काय लागतं आणि काय लागत नाही हे आधी नीट बघावं लागतं, आणि ते बघण्याचा हक्क ज्याची वस्तू त्याचा. "नवीन आहे तर नव्यानेच सुरू कर" हे दुसऱ्याने आपल्याला सांगायचं नसतं.

खात्याचंही बघा. नवा कॉम्प्युटर सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो आणि घाईत मुलाचं खातं घातलं जातं. मग आपल्या फाइली त्याच्या वनड्राइव्हवर जायला लागतात. संशयाचा प्रश्न नाही, सोयीचा आहे. उद्या तो परगावी गेला, त्याने पासवर्ड बदलला, की आपण अडलो. आपल्या नावाचं खातं असावं आणि पासवर्ड आपल्या वहीत असावा.

आणि जुना कॉम्प्युटर कुणाला देणार असाल, मोलकरणीच्या मुलीला अभ्यासाला किंवा भंगारवाल्याला, तर नवीन यंत्रावर महिनाभर काम करून सगळं आल्याची खात्री झाल्यावर जुन्याचं 'रिसेट' करून सर्व काही काढून टाका. आपल्या हिशोबात दुसऱ्यांची नावं आणि रकमाही असतात.

शेवटचं गाऱ्हाणं सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे. ऑफिस २००३ मध्ये 'सेव्ह माय सेटिंग्ज' नावाची सोय होती. सगळ्या सेटिंग्जची एक फाइल व्हायची, ती नव्या यंत्रावर नेली की काम झालं. २००७ च्या ऑफिसमध्ये ती काढून टाकली. विंडोज ७ मध्ये 'ईझी ट्रान्सफर' होतं, विंडोज १० मध्ये तेही राहिलं नाही. इतकं सगळं नवं येत असताना हे एक बटण परत द्यायला काय हरकत आहे? रोज नवी सोय आम्ही मागत नाही. जी सवय तुमच्याच यंत्रावर बसून लावून घेतली, ती सोबत नेता यावी एवढंच मागतो.

ते बटण येईल तेव्हा येईल. तोवर आपली शिल्लक आपणच पुढे ओढू या. पेनड्राइव्हला एक चिठ्ठी लावा, तारीख लिहा, आणि तो आपल्या कपाटात, आपल्या वह्यांशेजारी ठेवा.

जय जिनेंद्र.